किसनजींची झड

देवळीला आमच्या भजन मंडळाची एक खोली आहे. तिच्या भिंतीवर किसनजींचा फोटो टांगलेला आहे. डाव्या हातात खंजिरी, उजवा पंजा कातड्यावर, आणि उजव्या खांद्यावरून कोपराच्या खालपर्यंत सोडलेला पांढरा दुपट्टा. दर वर्षी पुण्यतिथीला फोटोला हार घालतात आणि दोन-चार जण बोलतात. बोलण्याचा सूर ठरलेला असतो: किसनजी कडक होते, पण आतून मायाळू होते. मागच्या खेपेला मलाही उभं केलं. मी हायस्कूलमधून निवृत्त झालेला मास्तर, तेव्हा चार वाक्यं नीट बोलेन असं मंडळींना वाटलं. मी पहिला भाग बोललो. दुसरा तोंडातून निघेना. पाणी पिऊन खाली बसलो, आणि लोकांनी समजून घेतलं की मास्तरांना गहिवरून आलं.

गहिवरून आलं नव्हतं. किसनजींचे माझ्यावर उपकार आहेत, ते पुढे सांगणारच आहे. पण ज्यांचे उपकार आहेत त्यांच्याविषयी खोटं बोलणं मला जमत नाही. म्हणून ते जसे होते तसे लिहून ठेवतो.

बसस्टँडसमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे पत्र्याचं दार. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी बीएच्या पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजसाठी रोज एसटीने वर्ध्याला जायचो. बस वेळेवर आली असं क्वचितच घडे, त्यामुळे किसनजींच्या बाकावर बसायची सवय लागली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. गावात त्याचं कौतुक होतं. किसनजींना नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ‘बीए’ ठेवलं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही.

“ए बीए, टबातलं पानी फेक. तुया कालेजात हवा भराची शिकवते का नाई?”

माणूस बुटका, छातीने रुंद, मिशा कातरलेल्या. उजवा हात कधी स्वस्थ नसे. चहा पिताना बशीवर, गिऱ्हाईक बोलत असताना सायकलच्या सीटवर, जेवायला बोलावलं की पत्र्याच्या दारावर बोटं चाललेली असत. समोरचा ज्या ठेक्यात बोले तोच ठेका ते सीटवर वाजवून दाखवत. लोकांना हसू येई. एक पोस्टमन होता, बोलताना अडखळायचा. किसनजींनी त्याचं अडखळणं जसंच्या तसं सीटवर उतरवलं, कुठे थांबतो, कुठल्या अक्षराला तीनदा ठेच लागते, सगळं. बाकावरची माणसं पोट धरून हसली. पोस्टमनही हसला. त्यानंतर तो दुकानाची पत्रं शेजारच्या पानठेल्यावर ठेवून जाऊ लागला.

आमच्या भागात खंजिरी गावोगाव आहे. लाकडाचं कडं, त्यावर ताणलेलं बकरीचं कातडं, कडेच्या खाचांत पितळेच्या चकत्या. डाव्या हाताने धरायची, उजव्याने वाजवायची. म्हणजे ठेका, बोल, घुमारा, सगळं एका पंजातून काढावं लागतं. बहुतेक लोक तळवा मारतात आणि चकत्यांवर वेळ निभावून नेतात. किसनजींच्या एका पंजात दोन माणसं बसली आहेत असं वाटे. अंगठ्याने खालचा घुमारा चाले, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वर वेगळंच काही बोलत असे, आणि मधूनच तळव्याची टाच कातड्यावर घासून ते असा आवाज काढत की गोठ्यातल्या जनावराने कान टवकारावे.

दोन हातांनी वाजवायच्या वाद्यांचा त्यांना मनापासून तिरस्कार होता. एकदा वर्ध्याचे एक तबलजी पंक्चर काढायला थांबले. सभ्य माणूस, धोतर-कोट, सायकलच्या कॅरिअरला तबल्याची पेटी बांधलेली. कोणीतरी ओळख करून दिली. किसनजी ट्यूब पाण्यात दाबता दाबता म्हणाले, “दोन हातानं तं माई बायको भाकर बी थापते. त्याच्यात काय वाजवनं हाय जी?”

तबलजी हसले आणि म्हणाले, “बरं, तुम्ही ऐकवा.”

किसनजींनी हात पुसले, खंजिरी घेतली आणि तबलजींनी सांगितलेला कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरलेली बांधणी, त्यांना एका पंजाने वाजवून दाखवला. तबलजी मनापासून वाहवा म्हणाले. गोष्ट तिथे संपली असती. पण किसनजींनी त्यांच्या पेटीतला तबला बाहेर काढायला लावला, त्यांचं डावं मनगट आपल्या मुठीत धरलं आणि म्हणाले, “आता तुमी. एका हातानं.” म्हातारा माणूस. त्याने उजव्या हाताने थोडं वाजवलं, मग डावा हात सोडवायला पाहिला. किसनजींनी सोडला नाही. बसस्टँडवरची गर्दी दुकानासमोर जमली. तबलजी लाल झाले, मग पांढरे झाले. मग कुठे त्यांना मनगट परत मिळालं.

पंक्चर काढून झालं. सायकल त्यांच्या हातात देताना किसनजी म्हणाले, “हवा नाई भरली. ते तुमच्याजवळ हायेच.”

तबलजी बिनहवेच्या टायरची सायकल ढकलत वर्ध्याच्या रस्त्याला लागले. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

संध्याकाळी दुकानाच्या मागच्या ओसरीवर ते शिकवायचे. शिकवण्याची त्यांची पद्धत दुसऱ्या कोणाची नसेल. ते म्हणत, माणसाची पहिली दोन बोटं मालकासारखी असतात, सगळीकडे पुढे होतात, आणि त्यामुळे मागची दोन बोटं जन्मभर आळशी राहतात. म्हणून शिष्याची पुढची दोन बोटं ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधून टाकत. मग फक्त मागच्या दोन बोटांनी वाजवायचं. पट्टी इतकी आवळलेली असे की बांधलेली बोटं वांग्यासारखी दिसू लागत. कोणी कण्हलं की ते आणखी एक वेढा देत. दुखतंय म्हणजे बरोबर चाललं आहे, असं ते सांगत, आणि हे खरंही होतं. ज्यांनी सहन केलं त्यांची मागची बोटं काही महिन्यांनी लोखंडी झाली. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं, आणि म्हणून आमचा त्यांच्यावर आणि त्यांनी दिलेल्या प्रत्येक दुखण्यावर विश्वास बसला.

मीही पट्टी बांधून घेतली होती. काही आठवडे गेले. एके दिवशी किसनजींनी सगळ्यांदेखत माझा हात उलटा-पालटा करून पाहिला, बैलाचा खूर पाहतात तसा.

“हे पाह्य बीए. तुये बोटं पेन धराचे हायेत. शिकून राह्यला तं शीक. पास हो, नोकरी कर, बापाले सुख दे. पन खंजिरीले हात नोको लावू. त्या बिचारीनं तुयं काय बिघडवलं?”

त्यांनी माझ्या हातात टाळ दिले आणि मी मंडळात टाळकरी झालो. त्या दिवशी जिवाला लागलं. पण ते खरं बोलले होते, आणि मी अभ्यासाला लागलो. पुढे शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला निघालो तर एसटी बंद पडलेली. मी स्टँडवर रडकुंडीला आलो होतो. किसनजींनी दुरुस्त करून ठेवलेली एक सायकल उचलून माझ्यापुढे केली आणि म्हणाले, “जाय.” मी ऐन उन्हात वर्ध्यापर्यंत पायडल मारत गेलो आणि पेपर दिला. ज्याची सायकल होती तो दुपारी दुकानात येऊन भांडला. त्याला ते म्हणाले, “तुया पोरगा सातवीत तीनदा बसला. तुले परीक्षेतलं काय समजते?” उपकार माझ्यावर झाला, अपमान त्या माणसाचा झाला. किसनजींचं चांगलं कामसुद्धा असं कोणाच्या तरी पाठीवर पाय देऊन होई.

आता महादूचं सांगतो. खरं म्हणजे हे सगळं त्याच्यासाठीच लिहितो आहे.

महादू कुमरे गोंडांच्या घरातला. घरी ते लोक आपसांत गोंडी बोलत. देवळीजवळच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे तो सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. माझ्याच वयाचा, काळा, उंच, कमी बोलणारा. कामावरून सुटला की बैलांना वैरण टाकून थेट ओसरीवर येई. किसनजींनी त्याचं नाव कधी घेतलं नाही. “ए गोंडा” म्हणत. बाकी शिष्य सतरंजीवर बसत, महादू सतरंजीच्या कडेला जमिनीवर बसे. कोणी त्याला तिथे बस म्हणाल्याचं मी ऐकलं नाही, आणि वर ये म्हणाल्याचंही ऐकलं नाही.

पण हात त्याला देवाने दिला होता. ट्यूबची पट्टी त्याने एवढा काळ बांधून घेतली की बोटांवर कायमचे वळ राहिले. दोन-तीन वर्षांत किसनजींच्या पंजातलं जवळजवळ सगळं त्याच्या पंजात आलं. एक गोष्ट सोडून.

ती म्हणजे झड. आमच्याकडे पाऊस दिवसचे दिवस एकसारखा लागून राहतो, त्याला झड म्हणतात. किसनजी भजनाच्या शेवटी एका हाताने असा सलग नाद धरत की दोन थापांमध्ये फट सापडू नये. बोटं दिसेनाशी होत. गाणारे थांबत, टाळ थांबत, आणि तो एकटा नाद मंडपावर पडत राही. आमच्या जिल्ह्यात ती दुसऱ्या कोणाला येत नव्हती. किसनजी ती कोणाला शिकवत नसत. वाजवतानाही उजव्या खांद्यावरचा दुपट्टा आधी सारखा करून घेत. आम्हाला ती त्यांची ऐट वाटे. सराव ते दुपारी करत, पत्र्याचं दार आतून लावून.

एका श्रावणात पवनारजवळच्या एका गावी भजनस्पर्धा होती. किसनजी तापाने फणफणले होते, तरी आले. हवा ओली, सगळ्यांच्या खंजिऱ्यांची कातडी सैल पडलेली. आमच्याजवळ निखाऱ्यांची शेगडी होती. शेजारच्या मंडळाचा खंजिरीवाला हात जोडून म्हणाला, “भाऊ, जरासी शेकू द्या, मले कातडं तापवाचं हाय.” किसनजींनी आपल्या कपातला उरलेला चहा निखाऱ्यांवर ओतला. “इझली बाप्पा,” ते म्हणाले. आमची खंजिरी तोवर तापून झाली होती.

आमची पाळी आली तेव्हा किसनजींना उभं राहवेना. इलाज नव्हता म्हणून खंजिरी महादूकडे गेली. त्या दिवशी महादू सतरंजीच्या मधोमध बसला, आणि तो जे वाजवून गेला ते मी जन्मात विसरणार नाही. झड नव्हती, पण तिची आठवणही कोणाला झाली नाही. पहिला नंबर आमचा आला. परीक्षक म्हणून आर्वीकडचे एक म्हातारे भजनी होते. ते मंचावरून उतरले आणि सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाले, “किसनजी, आता तुमी टाळ धरले तरी चालते.”

किसनजीही हसले. खूप वेळ हसले. ट्रॅक्टरवरून परत येताना त्यांनी महादूच्या गुडघ्यावर थाप मारली.

“गोंडा, उद्यापासून एकटा येजो. तुले झड शिकवतो.”

ट्रॅक्टरवरचे सगळे वळून पाहू लागले. महादूने त्यांचे पाय धरले. मंडळातले लोक अजून या क्षणाची गोष्ट सांगतात. मायाळूपणाचा पुरावा म्हणून फोटोखाली उभे राहून हीच गोष्ट सांगतात.

झड शिकवायची रीत अशी होती. उजव्या काखेत घडी घातलेलं फडकं दाबून धरायचं. कोपर पोटाशी. फडकं खाली पडलं की पुन्हा सुरुवातीपासून. कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा ठेवायचा आणि फक्त बोटं पळवायची, एकामागून एक, थांबू न देता. “हात मेला पाह्यजे,” किसनजी म्हणत, “बोटं जित्ते पाह्यजेत.”

महादू वर्षभर ते करत होता. शेतात, गोठ्यात, वखराच्या दांड्यावर, काखेत फडकं दाबून. आधी हात ठणकू लागला. मग मनगट सुजलं. त्याने किसनजींना दाखवलं. ते म्हणाले, “दुखून राह्यलं का? मंग बरोबर हाय.” पट्टीच्या वेळी हेच म्हणाले होते आणि तेव्हा ते खरं ठरलं होतं. महादूने कसली शंका घ्यावी? दुखणं वाढलं तसा तो खूश झाला. झड जवळ आली असं त्याला वाटलं. मला म्हणायचा, “बीए, आता थोडंसंच राह्यलं. कालदी रात्री हात उचलता नाई आला.”

त्या हिवाळ्यात त्याच्या हातून कासरा सुटू लागला. एकदा बैल धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हरभऱ्यात घुसले. पाडवा आला तेव्हा मालकाने पुढच्या सालासाठी त्याला ठेवलं नाही. सुजलेल्या हाताचा गडी कोण ठेवेल? तो रोजीने मिळेल ते काम करू लागला. झड मात्र आली नाही. थोडा वेळ यायची, मग तुटायची, आणि तुटली की महादू ओठ चावायचा.

मंजुळाकाकूंविषयी अजून सांगितलं नाही. किसनजींची बायको. बारीक अंगाची, पदर डोक्यावर, दुकानात कधी न येणारी. किसनजी त्यांनाही नावाने हाक मारत नसत, दारावर थाप देत. एक थाप म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा. त्या दिवशी किसनजी सुटे भाग आणायला वर्ध्याला गेले होते. ओसरीवर मी आणि महादू दोघेच. त्याने काखेत फडकं दाबलं आणि वाजवू लागला. काकू दाराशी बसून तांदूळ पाखडत होत्या. त्या थांबल्या.

“महादू, काय करून राह्यला बाप्पा?”

“झड, काकू.”

“आन ते फडकं काऊन?”

“गुरुजीनं सांगतलं. कोपर नाई हलू देवाचं.”

काकू बराच वेळ त्याच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहत राहिल्या. मग सूप खाली ठेवून उठल्या, रस्त्याकडे एकदा पाहून आल्या आणि आपला उजवा हात अंगापासून दूर धरला.

“ते असं नाई वाजवत. लग्न झाल्यापासून पाहून राह्यली मी यायले, दुपारची, दार लावलं की. कोपर असं मोकळं सोडते. आन हात असा फिरवते, कुलपात किल्ली फिरवल्यावानी. इकडून अंगठा पडते, तिकडून बोट पडते. बोटं काईच नाई करत. बोटं मेलेले असते.”

त्यांनी हात दोन-तीनदा फिरवून दाखवला. बांगड्या वाजल्या. कोपर झाकणाऱ्या दुपट्ट्याचा अर्थ मला त्या वेळी कळला.

महादूने काखेतलं फडकं काढलं आणि मांडीवर ठेवलं. 

“मायं नाव नोको घेऊ बाप्पा,” काकू म्हणाल्या. “मले याच घरात राह्याचं हाय.”

आम्ही दोघे सिनेमाच्या तंबूमागच्या मैदानात जाऊन बसलो. महादूने तिथे कोपर मोकळं सोडून वाजवून पाहिलं. हात वळत होता, पण करंगळीजवळचं बोट कातड्यावर पडेना. ते आता उचललंच जात नव्हतं. त्याने डाव्या हाताने ते उचलून पाहिलं आणि सोडलं. मला खूप राग आला होता. मी म्हणालो, चल, आत्ताच्या आत्ता विचारू त्यांना. महादू म्हणाला, “काकूले मारन ते.”

मग खंजिरी बाजूला ठेवत तो म्हणाला, “म्हंजे गुरुजीले माया भेव वाटे, बीए.”

असं म्हणताना त्याचा चेहरा खुलला होता, हे मला आजही सांगायला कठीण जातं. एवढ्या वर्षांत किसनजींकडून त्याला मिळालेली ती एकच पावती होती.

मला हिंगणघाटकडे शाळेत नोकरी लागली आणि मी देवळी सोडली. सुट्टीत येई तेव्हा कळे की महादू ओसरीवर जायचा थांबला आहे, हाताची सूज काहीशी उतरली आहे, बोट मात्र तसंच आहे. किसनजी मंडळात पुन्हा मधोमध बसत होते. लोक महादूला म्हणत, “एवढी झड शिकवली, तुले सांभाळता नाई आली.” तो म्हणे, “हो जी, नाई आली.”

ऐंशी सालानंतर केव्हातरी किसनजी आजारी पडले. पोटात काही होतं. वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी नेऊन ठेवा म्हणून परत पाठवलं. मी भेटायला निघालो तेव्हा महादू माझ्याबरोबर आला. त्याच्या पिशवीत खंजिरी होती.

“काऊन आनली?” मी विचारलं.

“त्यायच्यासमोर वाजवतो. त्यायनं शिकवली तशीच. कोपर पोटाशी धरून.” थोडं चालून तो म्हणाला, “मरताना तं मानूस सांगन ना? एवढंच म्हनलं पाह्यजे, का कोपर सोड. मंग माया हात गेला तं गेला.”

मी म्हणालो, “आणि तसं म्हणालेच नाहीत तर?”

“म्हनन ते,” महादू म्हणाला.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. किसनजी मागच्या खोलीत खाटेवर होते. छातीची रुंदी गेली होती, मिशा वाढल्या होत्या. डोळे तेच. मला पाहून म्हणाले, “बीए आला. आता माह्या मरनाचा निबंध लिहीन हा.” मग महादूकडे पाहिलं. “गोंडा, उभा काऊन? बस.”

महादू जमिनीवर बसला. काकू उंबऱ्याशी उभ्या होत्या.

“झड ऐकाची का जी?” महादूने विचारलं.

किसनजींनी मान हलवली. महादूने खिशातून रुमाल काढला, त्याची घडी केली, काखेत धरली आणि वाजवू लागला. हात दगडासारखा ठेवून, बोटं पळवत. ज्या बोटात जोर नव्हता ते बोट मागे राहत होतं आणि नादात प्रत्येक फेरीला एक खड्डा पडत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. तो थांबला नाही. किसनजी खंजिरीकडे पाहतच नव्हते. ते त्याच्या कोपराकडे पाहत होते. मला वाटलं, आता सांगतील. त्यांचे ओठ हललेही.

शेवटी महादूचा हात आपोआप थांबला. तो धापा टाकत होता.

“ठीक हाय का जी? कुठं चुकून राह्यलो का?”

 किसनजींनी श्वास घेतला, तो नीट घेता येईना म्हणून पुन्हा घेतला.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “असंच वाजवत राह्यजो.”

महादूने काखेतला रुमाल काढून खिशात ठेवला. मग “हो जी” म्हणाला, पुढे सरकला आणि खाटेच्या काठावर डोकं टेकवलं. किसनजींनी उजवा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

हात डोक्यावर असतानाच त्यांनी मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. काकू त्यांच्याकडेच पाहत होत्या. त्यांनी पदर पुढे ओढला नाही, नजर खाली केली नाही. किसनजींना त्या वेळी सगळं कळलं असं माझं मत आहे, कारण त्यांचा चेहरा आधी पोरासारखा घाबरला आणि मग पुन्हा पहिल्यासारखा झाला. महादूचं डोकं खाली होतं, त्याने यातलं काही पाहिलं नाही. किसनजींनी हात काढला नाही. तो तिथेच राहू दिला आणि काकूंच्या डोळ्यांत पाहत, अगदी हळू, पुन्हा म्हणाले, “बरोबर हाय.”